ओवाफूल, पेपरमिंट आणि बारावीचं प्रॅक्टिकल : अल्कोहोल कुठलं, फिनॉल कुठलं?

परीक्षानळी
नमस्कार मंडळी. बारावीचं प्रॅक्टिकल जवळ आलं की हा विषय निघतोच, म्हणून या वेळी त्यावर धागाच काढते. मी सांगली भागात ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. फंक्शनल ग्रुप, म्हणजे रेणूचं वागणं ठरवणारा अणुगट, ओळखायच्या प्रयोगाला मुलं रंगांची यादी पाठ करून येतात. जांभळा आला की फिनॉल, हिरवा आला की अल्कोहोल, पिवळे स्फटिक आले की आयोडोफॉर्म. यादी खोटी नाही. पण कुठली टेस्ट रेणूच्या कुठल्या भागाशी बोलते हे कळलेलं नसलं, तर नेहमीचा नमुना सोडून दुसरा हातात पडला की मुलं तिथेच अडतात.

म्हणून मी वर्गात दोन ओळखीच्या वस्तू घेते. अमृतधारेसाठी काष्ठौषधीच्या दुकानात ओवाफूल, पुदिन्याचं फूल म्हणजे पेपरमिंट आणि कापूर मिळतात. त्यातला कापूर कीटोन आहे, तो बाजूला ठेवू. उरलेले दोन्ही पांढरे स्फटिक, दोन्ही उग्र वासाचे, आणि दोघांचा कार्बनचा सांगाडा तंतोतंत एकच. सहा कार्बनचं कडं, त्यावर एक मेथिल, एक आयसोप्रोपिल आणि एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. फरक इतकाच की ओवाफुलात, म्हणजे थायमॉलमध्ये, ते कडं बेंझिनचं आहे आणि पेपरमिंटमध्ये, म्हणजे मेंथॉलमध्ये, ते संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं, आहे. थायमॉलमध्ये हायड्रोजन १४, मेंथॉलमध्ये २०. या सहा हायड्रोजनांमुळे एक फिनॉल ठरतं आणि दुसरं सेकंडरी अल्कोहोल.

दोन परीक्षानळ्यांत दोन्हींचे चार-चार खडे घ्या, सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घाला आणि कोमट पाण्याच्या बीकरमध्ये धरा. थायमॉल विरघळून द्रावण स्वच्छ होतं. मेंथॉल वितळतं, पण तेलासारखं वर तरंगत राहतं. आता थायमॉलच्या नळीत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, ते पुन्हा बाहेर पडतं. या टेस्टमध्ये एकही रंग नाही, आणि तरी वर्गीकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भेद तिनं दाखवला.

कारण सांगते. फिनॉलमधला प्रोटॉन निघून गेल्यावर ऑक्सिजनवर जो ऋणभार उरतो तो बेंझिनच्या कड्यात पसरतो, त्यामुळे ते आयन टिकाव धरतं. मेंथॉलच्या किंवा इथेनॉलच्या ऑक्सिजनला अशी वाटणी करायला जागाच नाही. पीकेए म्हणजे आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जोरदार. फिनॉलचा पीकेए साधारण १०, इथेनॉलचा १६ च्या आसपास. पीकेएमधला फरक ६ म्हणजे आम्लतेतला फरक दहा लाख पट! मुलं पीकेएचे आकडे पाठ करतात, पण या नळीकडे पाहिल्यावर त्यांना तो आकडा समजतो.

तुमचे प्रश्न, अनुभव, अडलेल्या जागा इथे टाका.

बालाघाट_आई
मॅडम, छान धागा. माझी मुलगी बारावीला आहे. काल घरात वाद झाला. बेंझिल अल्कोहोलमध्ये बेंझिनचं कडं आहे, हायड्रॉक्सिलही आहे, मग ते फिनॉल का नाही? ती म्हणते पुस्तकात अल्कोहोल दिलंय म्हणून अल्कोहोल. एवढ्यानं माझं समाधान होईना.

परीक्षानळी
ताई, तुमचा प्रश्न अगदी वर्गीकरणाच्या गाभ्याचा आहे. कडं रेणूत कुठेतरी असून भागत नाही, हायड्रॉक्सिल थेट कड्याच्या कार्बनला जोडलेलं हवं. बेंझिल अल्कोहोलमध्ये मधे एक सीएच-टू आहे. त्या एका कार्बनमुळे ऑक्सिजन आणि कडं एकमेकांपासून तुटतात, ऋणभाराला कड्यात शिरता येत नाही. म्हणून ते सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळत नाही, फेरिक क्लोराइडला रंग देत नाही आणि ऑक्सिडेशन केलं की बेंझाल्डिहाइडमार्गे बेंझोइक आम्ल होतं. सगळं वागणं प्रायमरी अल्कोहोलचं.

लेकीला विचारा, क्रेसॉल काय? त्यात मेथिल आणि हायड्रॉक्सिल दोन्ही थेट कड्यावर, म्हणून फिनॉल. गंमत अशी की क्रेसॉल आणि बेंझिल अल्कोहोल यांचं रेणुसूत्र एकच आहे, दोन्हींत ७ कार्बन, ८ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. सूत्र पाहून काही कळणार नाही, नळीत घालूनच कळेल.

प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी ठरवतानाही पाहायचा तो हायड्रॉक्सिल असलेला कार्बन. त्याला आणखी किती कार्बन जोडलेत ते मोजायचं, संपला विषय. आणि एका रेणूत हायड्रॉक्सिल किती यावरून मोनोहायड्रिक, डायहायड्रिक, ट्रायहायड्रिक. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ग्लिसरॉल ट्रायहायड्रिक आहे म्हणून त्याला टर्शरी लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यात दोन प्रायमरी आणि एक सेकंडरी हायड्रॉक्सिल आहे.

तळोजा_क्यूसी
मी क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये आहे, प्रायमरी-सेकंडरी-टर्शरी ओळखायच्या ल्युकास टेस्टबद्दल लिहितो, कारण नवीन येणाऱ्या मुलांना ती तोंडपाठ असते पण तिच्या मर्यादा ठाऊक नसतात.

हॉवर्ड ल्युकास कॅलटेकमध्ये होते, त्यांनी ही टेस्ट १९३० मध्ये प्रसिद्ध केली. रिएजंट म्हणजे निर्जल झिंक क्लोराइड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं. प्रमाण मोलला मोल, १३६ ग्रॅम झिंक क्लोराइडला सुमारे १०५ ग्रॅम आम्ल, आणि बनवताना बाटली बर्फात, कारण बरीच उष्णता निघते. टर्शरी अल्कोहोल घातल्याबरोबर गढूळ होतं, सेकंडरीला काही मिनिटं लागतात, प्रायमरी सामान्य तापमानाला स्वच्छच राहतं. गढूळपणा कशाचा? तयार झालेलं अल्किल क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब वेगळे होतात. हायड्रॉक्सिल निघून गेल्यावर धनभारित कार्बनचा जो कार्बोकॅटायन उरतो, त्यांत टर्शरी कार्बोकॅटायन सगळ्यांत स्थिर म्हणून त्याची गाडी सगळ्यांत पुढे.

आता मर्यादा. अल्कोहोल मुळात रिएजंटमध्ये विरघळलं पाहिजे, तरच नंतर आलेल्या गढूळपणाला अर्थ. म्हणून ही टेस्ट साधारण सहा कार्बनपर्यंतच्या अल्कोहोलसाठी. मॅडमच्या पेपरमिंटला ती लावूच नका, दहा कार्बनचं मेंथॉल पहिल्या क्षणापासून वेगळं दिसेल आणि पोरगं त्याला टर्शरी लिहून मोकळं होईल. दुसरं, बेंझिल आणि अलिल अल्कोहोल प्रायमरी असूनही झटकन उत्तर देतात, कारण त्यांचं कॅटायन अनुस्पंदनानं, म्हणजे भार शेजारच्या दुहेरी बंधांत पसरून, स्थिर होतं. ल्युकास टेस्ट प्रायमरी-टर्शरी मोजत नाही, ती कॅटायन किती सहज तयार होतं ते मोजते. तिसरं, झिंक क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतला रिएजंट मंद पडतो आणि सेकंडरी अल्कोहोल प्रायमरी वाटायला लागतं. रोज एकदा टर्शरी ब्यूटेनॉल घालून रिएजंट जिवंत आहे ना हे बघावं.

मी_बारावी
मॅडम, मला प्रॅक्टिसला जो नमुना मिळाला तो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला, ब्रोमिन वॉटरचा रंगही गेला, म्हणजे दोन्ही खुणा फिनॉलच्या, पण फेरिक क्लोराइड घातल्यावर नुसता पिवळसर तपकिरी रंग. मी फिनॉल नाही असं लिहिलं. सर म्हणाले ‘न्यूट्रल’ फेरिक क्लोराइड वापरलं होतंस का? म्हणजे बाटलीवर लिहिलेलं असतं का तसं?

परीक्षानळी
बाळा, सरांनी योग्य जागी बोट ठेवलं. फेरिक क्लोराइड नुसत्या पाण्यात ठेवलं तर हळूहळू हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो, म्हणून साठवणीच्या द्रावणात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं असतं. रंगीत कॉम्प्लेक्स व्हायला फिनॉलनं प्रोटॉन सोडून लोहाशी जोडलं गेलं पाहिजे, आणि आम्ल जास्त असेल तर ते घडत नाही. म्हणून वापरायच्या आधी थोडं द्रावण वेगळं घ्यायचं, त्यात पातळ अमोनिया थेंब-थेंब घालायचा, हलवूनही न जाणारा किंचित तपकिरी गाळ दिसला की थांबायचं आणि गाळून घ्यायचं. हे झालं न्यूट्रल फेरिक क्लोराइड. ताजंच वापरायचं. आणि आधी सोडियम हायड्रॉक्साइड घातलेल्या नळीतच फेरिक क्लोराइड ओतू नको, तिथे विटकरी गाळाशिवाय काही दिसणार नाही. प्रत्येक टेस्टला नमुना नवा.

पण समज, हे सगळं बरोबर केलंस आणि तरी रंग आला नाही. तरी फिनॉल नाही असं लिहायची घाई नको. धाग्याच्या सुरुवातीचं थायमॉल घे. ते पक्कं फिनॉल आहे, तरी फिनॉलसारखा जांभळा रंग देत नाही. हायड्रॉक्सिलच्या शेजारीच आयसोप्रोपिलचा पसारा आहे, लोहाला जवळ यायला अडचण होते. अशा वेळी सोडियम हायड्रॉक्साइड आणि ब्रोमिन वॉटर यांची साक्ष जास्त मोलाची. तुझ्या जर्नलमध्ये दोन टेस्ट हो म्हणत होत्या आणि एक गप्प होती. गप्प टेस्टला नकार समजायचं नाही.

उलट बाजूही बघ. कॅटेकॉल हिरवा रंग देतं, रिसॉर्सिनॉल जांभळा, सॅलिसिलिक आम्ल गडद जांभळा. हायड्रोक्विनोनचं फेरिक क्लोराइडनं ऑक्सिडेशनच होतं, तिथे टिकणारा जांभळा मिळत नाही. आणि असिटोअसिटिक एस्टर फिनॉल नसूनही रंग देतं, कारण त्याचं ईनॉल रूप लोहाला तसंच धरतं. म्हणजे ही टेस्ट खरं तर दुहेरी बंधाच्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलची आहे, फिनॉल हा त्यातला सगळ्यात ओळखीचा गट.

घरी पॅरासिटामॉल आणि ऍस्पिरिनच्या गोळ्या असतील तर कॉलेजात सरांसमोर करून बघ. पॅरासिटामॉलमध्ये हायड्रॉक्सिल मोकळं आहे, निळसर जांभळा रंग येतो. ऍस्पिरिनमध्ये ते असिटिल गटानं झाकलेलं आहे, ताजी गोळी रंग देत नाही. दमट हवेत पडून राहिलेल्या गोळीचं पाण्यानं विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि असेटिक आम्ल होतं, मग व्हिनेगरसारखा वासही येतो आणि जांभळा रंगही.

बालाघाट_आई
मुलीनं हे सगळं वाचलं. तिचा प्रश्न : सॅलिसिलिक आम्लच अननोन, म्हणजे ओळखायचा नमुना, म्हणून आलं तर काय लिहायचं, फिनॉल की कार्बोक्सिलिक आम्ल?

परीक्षानळी
दोन्ही. सोडियम बायकार्बोनेट घातल्यावर बुडबुडे आले म्हणजे कार्बोनिक आम्लापेक्षा जोरदार आम्ल हजर आहे. साधं फिनॉल तिथे हरतं, कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.४ आणि फिनॉलचा १०. म्हणूनच सोडियम फिनॉक्साइडच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडला तर फिनॉल परत मिळतं. मग फेरिक क्लोराइडनं जांभळा आला तर फिनॉलचं हायड्रॉक्सिलही आहे. एका रेणूत दोन गट असू शकतात हे मुलांच्या मनात ठसवावं लागतं.

मात्र बायकार्बोनेटला बुडबुडे देणारं प्रत्येक संयुग कार्बोक्सिलिक आम्ल नसतं. पिक्रिक आम्ल म्हणजे तीन नायट्रो गट लावलेलं फिनॉल, ते बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर काढतं. नायट्रो गट ऋणभार इतका ओढून घेतात की फिनॉलचं जोरदार आम्ल होऊन बसतं. पिक्रिक आम्ल कोरडं झालं तर स्फोटक आहे, त्यामुळे हे फळ्यावरच शिकवायचं.

डॉ_सदाफुली
मी डॉक्टर आहे, रसायनशास्त्र बारावीनंतर मागे राहिलं, पण धागा वाचून थांबले. आमच्याकडे हा विषय मेथॅनॉलच्या रूपानं येतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. मेथॅनॉल आणि इथेनॉल दोन्ही मोनोहायड्रिक, दोन्ही प्रायमरी, शरीरातलं तेच एन्झाइम दोघांवर काम करतं. इथेनॉलपासून असिटाल्डिहाइड होऊन पुढे असेटिक आम्ल, ते शरीर वापरून टाकतं. मेथॅनॉलपासून फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल, ते साचतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि डोळ्यांची नस जाते. उपचारातही हेच रसायनशास्त्र वापरतात. फोमेपिझोल देऊन ते एन्झाइम अडवतात, किंवा ते नसेल तर रुग्णालयाच्या देखरेखीखाली इथेनॉल देऊन एन्झाइमला त्यात गुंतवून ठेवतात.

माझा प्रश्न असा : बारावीच्या टेस्टनी दारूत मेथॅनॉल आहे का हे कळेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर असे ‘घरगुती उपाय’ फिरतात, म्हणून विचारते.

तळोजा_क्यूसी
डॉक्टर, नाही कळणार, आणि का नाही कळणार हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. पुस्तकात मेथॅनॉल आणि इथेनॉल वेगळं करायला आयोडोफॉर्म टेस्ट दिलेली असते आणि ती बरोबर आहे. इथेनॉल पिवळे स्फटिक देतं, प्रायमरी अल्कोहोलांत ते देणारं तेवढं एकच. मेथॅनॉल देत नाही. पण ही टेस्ट दोन शुद्ध बाटल्यांसाठी आहे. विषारी दारूत इथेनॉलही असू शकतं, मग टेस्ट पिवळी येणारच आणि आत मेथॅनॉल तसंच बसलेलं असणार. ‘इथेनॉल आहे का’ याचं ‘आहे’ हे उत्तर ‘मेथॅनॉल आहे का’ या प्रश्नाला काहीही सांगत नाही. चव, वास, ज्योतीचा रंग यांतल्या कशावरही विसंबू नये.

प्रयोगशाळेत जुनी पद्धत अशी : नमुन्याचं पर्मँगनेटनं ऑक्सिडेशन करायचं, मेथॅनॉल असेल तर फॉर्माल्डिहाइड होतं, उरलेलं पर्मँगनेट बायसल्फाइटनं संपवायचं आणि सल्फ्युरिक आम्लात क्रोमोट्रोपिक आम्ल घालायचं. जांभळा रंग फॉर्माल्डिहाइडचा. आता गॅस क्रोमॅटोग्राफीवर दोघांची शिखरं वेगळी दिसतात, प्रमाणही मिळतं.

हीच गोष्ट ग्लिसरिनच्या बाबतीत मुंबईनं भोगली आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं गेलं, शंभरावर माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. एक ट्रायहायड्रिक अल्कोहोल, दुसऱ्यात दोन हायड्रॉक्सिल आणि मधे ईथरचा दुवा. दोन्ही घट्ट, गोड, रंगहीन. बारावीत ग्लिसरॉलला पोटॅशियम बायसल्फेटसोबत तापवून अक्रोलिनचा झोंबणारा वास घेतात. भेसळीच्या पिंपातही ग्लिसरॉल असेल तर तो वास येणारच! म्हणून आमच्याकडे ग्लिसरिनच्या प्रत्येक पिंपाची डायएथिलीन ग्लायकॉलसाठी स्वतंत्र तपासणी होते. ती टाळणाऱ्या माणसाला मी लॅबमध्ये उभं करणार नाही.

डॉ_सदाफुली
धन्यवाद. हे उत्तर मी आमच्या ग्रुपवर पाठवते आहे.

निळी_ज्योत
मी प्रयोगशाळा सहायक. वरच्या सगळ्या चर्चेत बाटली हाताळणाऱ्याची बाजू राहिली, म्हणून लिहितो.

फिनॉल ४१ अंशांच्या आसपास वितळतं, थंडीत बाटलीत गोठून बसतं. मुलं चमच्यानं उकरायला जातात. तसं करू देऊ नये, बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्यावी. हवा लागली की ते गुलाबी होतं, ते ऑक्सिडेशन आहे. त्वचेवर पडलं तर फिनॉल आधी बधिर करतं, त्यामुळे पोरांना भाजल्याचं कळतच नाही, जागा पांढरी पडते. लगेच कपडे बाजूला करून भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि दवाखान्यात न्यायचं, थांबून बघायचं नाही. हेच फिनॉल कार्बोलिक आम्ल म्हणून जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांवर वापरलं आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी केले. पण तेव्हाही शल्यवैद्यांचे हात सोलवटत.

ब्रोमिन वॉटर फ्यूम कपबोर्डमध्येच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात. फिनॉलला पांढरा गाळ येतो तो ट्रायब्रोमोफिनॉलचा. ऍनिलिनही तसाच पांढरा गाळ देतं, त्यामुळे नुसत्या गाळावर जाऊ नका. ऍनिलिन पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं, फिनॉल अल्कलीत.

सोडियमचा तुकडा टाकून हायड्रोजन बघायची टेस्ट पुस्तकात असते. नमुन्यात थेंबभर पाणी असलं तरी बुडबुडे येणार आणि ओल्या नळीत टाकलं तर पेट घेणार. आमच्याकडे ती सरच करून दाखवतात.

मी_बारावी
मग अल्कोहोलसाठी काय करायचं? क्रोमिक आम्लाची टेस्ट?

परीक्षानळी
पहिली पसंती सेरिक अमोनियम नायट्रेटला. पिवळ्या रिएजंटमध्ये नमुना घातला की अल्कोहोलला लाल रंग येतो, फिनॉलला तपकिरी किंवा हिरवट तपकिरी. दोन्ही गट एकाच नळीत वेगळे दिसतात आणि क्रोमियम हाताळावं लागत नाही.

क्रोमिक आम्ल लागतं ते प्रायमरी आणि सेकंडरीला टर्शरीपासून वेगळं काढायला. पहिली दोन नारिंगी द्रावण हिरवट निळं करतात. टर्शरीच्या हायड्रॉक्सिलवाल्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच नाही, म्हणून नारिंगी तसंच राहतं. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेलं श्वासातली दारू मोजणारं यंत्र याच रंगबदलावर चालायचं. आता त्या जागी फ्युएल सेलची उपकरणं आली आहेत. ही टेस्ट करायच्या आधी फिनॉल नाही आणि अल्डिहाइड नाही याची खात्री हवी, कारण दोन्हींचं क्रोमिक आम्लानं ऑक्सिडेशन होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी बायकार्बोनेट, मग सोडियम हायड्रॉक्साइड, मग फेरिक क्लोराइड, ही सगळी ‘नाही’ म्हणाली की सेरिक, आणि अल्कोहोल ठरल्यावरच ल्युकास आणि क्रोमिक. या क्रमानं गेलं की प्रत्येक टेस्ट पुढचीचा गोंधळ आधीच दूर करते.

निळी_ज्योत
एक जोडतो. क्रोमिक आम्लाच्या नळ्या सिंकमध्ये ओतू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. आम्ही वेगळ्या बरणीत साठवतो, सोडियम बायसल्फाइटनं हिरवं होईपर्यंत क्षपण करतो आणि मग अल्कली घालून गाळ बसवून तो वेगळा ठेवतो. सेरिकचं द्रावण नायट्रिक आम्लात बनवलेलं असतं, तेही धुताना हातमोजे घाला. बॅच सुरू व्हायच्या आधी मला चिठ्ठी दिली की न्यूट्रल फेरिक क्लोराइड ताजं करून ठेवतो, आयत्या वेळी मागितलं तर गाळून द्यायला वेळ लागतो.